केझिकमधलं सात दिवसांचं घर, आणि त्याचे पैसे भरण्याची गोष्ट

माझी लेक २०२२ साली नर्स म्हणून न्यूकॅसलला गेली. दोन वर्षं तिला नुसतं फोनवर बघत होतो. २०२४ च्या जुलैत तिला सलग आठ दिवस रजा मिळणार हे कळलं आणि जायचं ठरलं: मी, हे, सासूबाई, दीर आणि जाऊबाई. लेक धरून सहा माणसं. तिची खोली एकाच माणसाची, तिथं सगळे मावणं शक्य नव्हतं. हॉटेलच्या तीन खोल्या घेतल्या तर सहाही माणसं आपापल्या दाराआड बसणार. शिवाय सासूबाईंचं वय ७६. त्या बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत आणि आषाढी एकादशीपासून त्यांचा चातुर्मास सुरू होतो, त्यात कांदा-लसूण बंद. त्या वर्षी एकादशी आली होती १७ जुलैला, बरोबर आमच्या मुक्कामात. म्हणून आम्हाला हवं होतं स्वयंपाकघर, आणि त्याला लागून झोपायला खोल्या.

इंग्लंडमध्ये याला सेल्फ केटरिंग कॉटेज म्हणतात. घर आठवडाभर तुमच्या ताब्यात; स्वयंपाक तुमचा, भांडी तुमची, केर तुमचा. आम्ही लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या भागातल्या केझिक या गावात घेतलं. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, पण बोलताना कुणी तो उच्चारत नाही. घराचं नाव इथं लिहीत नाही, कारण मालकीणबाईंना मी तसं विचारलेलं नाही. पण घर कसं शोधलं, पैसे कसे भरले, कुठं चुकलं आणि घर प्रत्यक्षात कसं निघालं, हे सगळं लिहिते. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात काढली आहेत. तरीही या व्यवहारात मला १८ पौंडांचा फटका बसला. दुसऱ्या कुणाला तो बसू नये अशी मनापासून इच्छा आहे.

पहिली गोष्ट वाराची. ही घरं बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार अशीच मिळतात. दुपारी चारला आत जायचं, निघायच्या दिवशी सकाळी दहाला बाहेर पडायचं. जुलै-ऑगस्टमध्ये तर मधल्या वारी सहसा कुणी घेत नाही. आपल्याकडं आधी विमानाची तिकिटं काढायची सवय आहे. इथं आधी घराचा शनिवार पक्का करावा आणि तिकिटं त्याला जुळवून घ्यावीत. आमचा आठवडा होता १३ ते २० जुलै.

दुसरी गोष्ट, जाहिरातीतल्या माणसांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ‘स्लीप्स सिक्स’ म्हटलं की आपण सहा पलंग धरतो. त्यातले दोघं बैठकीतल्या सोफ्यावर असू शकतात किंवा पोरांसाठी केलेल्या दुमजली पलंगावर. मी मालकीणबाईंना ईमेलमध्ये सरळ विचारलं: पलंग कुठल्या खोलीत किती, तळमजल्यावर झोपायची सोय आहे का, संडास-बाथरूम जिन्यावर आहे की खाली, बस थांबा चालत किती मिनिटं, आणि शेगडी गॅसची, सिरॅमिकची की इंडक्शनची. त्यांनी एकेका प्रश्नाखाली उत्तर लिहून पाठवलं. खाली दोन सुटे पलंग आणि छोटी बाथरूम, वर एक डबल बेड आणि एक दुमजली पलंगाची खोली. शेगडी सिरॅमिकची. बस स्थानक दहा मिनिटांवर. दुमजली पलंगावर लेक आणि तिचे बाबा झोपतील हे आमचं जानेवारीतच ठरलं.

हे घर आधी दिसलं ते एका मोठ्या बुकिंग साइटवर, आठवड्याला १,२९० पौंड. लेकीनं तेच फोटो तिथल्या स्थानिक घरमालकांच्या यादीत शोधून काढले, आणि तिथं मालकीणबाईंचा स्वतःचा पत्ता होता. थेट घेतलं तर १,१२० पौंड. १७० पौंड वाचत होते. पण थेट घेतलं की मध्ये कुणी नसतं. मोठी साइट बऱ्याचदा तुमचे पैसे धरून ठेवते, घर खोटं निघालं तर भांडायला समोर एक जागा असते. थेट व्यवहारात समोर एक ईमेल आणि एक खातं क्रमांक, बस. सुट्टीच्या घरांच्या नावानं होणारी फसवणूक अशीच असते: फोटो खऱ्या घराचे, पैसे मागणारा भलताच.

म्हणून आम्ही घराचा सातबारा काढला. खरंच काढला. इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदणी झालेल्या घर-जमिनीचा उतारा तिथल्या एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मिळतो, मालकाची परवानगी लागत नाही. तेव्हा त्याला ३ पौंड पडत. डिसेंबर २०२४ पासून ७ झाले आहेत. पत्ता टाकला, कार्डानं पैसे भरले, दोन मिनिटांत उतारा हातात. मालकाच्या रकान्यात तेच नाव होतं जे ईमेलखाली होतं. तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या आयुष्यभर बघितलेल्या माणसाला हे बघून फार बरं वाटलं. त्याच वेळी एक गोष्ट ध्यानात आली: कार्डाचे पैसे ओटीपी न विचारताच गेले. परदेशी साइटवर असं होऊ शकतं. म्हणून अशा व्यवहारांसाठी एक वेगळं, कमी मर्यादेचं कार्ड ठेवावं आणि बँकेच्या ॲपमधला परदेशी वापराचा खटका काम झालं की बंद करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच येतो, तो आपण सुरू करायचा असतो. कित्येकांचं कार्ड पहिल्या झटक्यात नाकारलं जातं ते याच कारणानं, आणि ते बिचारे साइटला दोष देत बसतात.

उतारा जुळला, पण उताऱ्यावर बँक खातं नसतं. ईमेल मधल्या मध्ये कुणी उघडलं आणि खातं क्रमांक बदलून पाठवला, तर घर खरं, मालकीण खरी आणि पैसे मात्र तिसऱ्याकडं. यावर लेकीनं जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथल्या बँकांत नवीन माणसाला पैसे पाठवायला नाव नोंदवलं की बँक समोरच्या खात्याशी नाव ताडून सांगते, जुळतं की नाही. एक पेनीही पाठवावी लागत नाही. तिनं तिच्या ॲपमध्ये सहा आकडी सॉर्ट कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), आठ आकडी खातं क्रमांक आणि नाव घातलं. नाव जुळलं. आपण भारतातून स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवतो तेव्हा ही ताडणी आपल्या वाट्याला येत नाही. तुमचं तिथं कुणी असेल, भाचा, मैत्रीण, कुणीही, तर एवढं एक काम त्यांच्याकडून करून घ्याच.

आणि मग आम्ही फोन केला. लेक एका बाजूला, मी सांगलीहून. मालकीणबाईंनी खातं क्रमांक एकेक आकडा सुटा करून वाचला, मी समोरच्या कागदावर पेन्सिलीनं टिक करत गेले. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, त्या भागातला हेल वेगळा आहे, पण आकडे आकडेच असतात. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर लहान मूल आहे का, म्हणजे उंच खुर्ची काढून ठेवते. मी म्हटलं, मूल नाही, ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत. ‘मग बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेते,’ त्या म्हणाल्या. आणि त्यांनी ती खरंच बसवली होती.

आता पैसे. करार असा होता: बुकिंगच्या वेळी २५ टक्के, म्हणजे २८० पौंड, कार्डानं. उरलेले ८४० पौंड मुक्कामाच्या आठ आठवडे आधी बँकेतून. त्याबरोबर १५० पौंड अनामत, काही मोडतोड झाली तर त्यातून वजा करायची. कार्डाची लिंक फक्त पहिल्या हप्त्याला होती, कारण मोठ्या रकमेवर कार्डवाले त्यांच्याकडून कमिशन कापतात.

जानेवारीत २८० पौंड भरले. त्या दिवशी पौंड साधारण १०५ रुपये ५० पैसे होता, म्हणजे २९,५४० रुपये. माझ्या कार्डाचं परदेशी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. स्टेटमेंटवर ३०,७६० आले. म्हणजे १,२२० रुपये नुसते चलन बदलण्याचे. भरताना पानावर एक पर्याय येतो, ‘रुपयांत भरा’. आपल्याला वाटतं, बरं झालं, आकडा समोर दिसतोय. तो कधीही घेऊ नये. तिथं भाव त्यांचा असतो, आणि आपल्या बँकेचं शुल्क वरून लागू शकतं. पौंडांतच भरावं. हे शुल्क कार्डागणिक वेगळं असतं, दोन टक्क्यांचीही कार्डं आहेत. घेण्याआधी शुल्काचं पत्रक वाचावं.

मधला पेच व्हिसाचा. ब्रिटनच्या साध्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. म्हणजे आम्हाला एप्रिलच्या मध्यानंतर. आणि ८४० पौंड भरायची तारीख १८ मे. व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला आणि आपण पैसे भरून बसलो, तर करारातल्या कलमाप्रमाणे परत काही मिळणार नाही. याचा विचार मी बुकिंगच्या आधीच केला आणि मालकीणबाईंना लिहिलं: तुमची तारीख १ जूनपर्यंत पुढं न्याल का? आणि व्हिसा नाही मिळाला तर २८० पौंड तुम्ही ठेवा, पण पुढची रक्कम आमच्यावर राहणार नाही, हे लिहून द्याल का? त्यांनी दोन ओळींत लिहून दिलं. घरमालकाशी थेट व्यवहार करण्याचा खरा फायदा मला हा वाटतो. १७० पौंड वाचले ते आहेतच, पण मोठ्या साइटवरचं कलम तुमच्यासाठी बदलत नाही. माणूस बदलतो, फक्त वेळेत आणि लेखी विचारायला हवं. फोनवरच्या होकाराला काही अर्थ नाही.

व्हिसासाठी घराचे पूर्ण पैसे भरलेले असावे लागतात अशी आपल्याकडं समजूत आहे. ब्रिटनच्या बाबतीत तसं नाही. अर्जात राहण्याचा पत्ता विचारतात तो आम्ही दिला. माणशी ११५ पौंड शुल्क होतं, पुण्याच्या केंद्रात २२ एप्रिलला बोटांचे ठसे दिले. चार पासपोर्ट १४ मेला आले, दिरांचा आला २३ ला. ते नऊ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

२७ मेला सोमवारी मी बँकेत गेले. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन कार्डाची प्रत, मालकीणबाईंचं नाव-पत्ता, आयबॅन (त्यांचा आंतरराष्ट्रीय खातं क्रमांक), स्विफ्ट कोड. हेतूच्या रकान्यात एस ०३०६, म्हणजे इतर प्रवास. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा असते, तिच्या जवळपासही आम्ही नव्हतो. टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, कापतील अशी भीती घालणारे बरेच भेटतात. त्या वर्षी अशा रकमांवर सात लाखांपर्यंत टीसीएस नव्हता, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. प्रवास कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर नियम वेगळा, तिथं पहिल्या रुपयापासून लागतो. नुसतं घर भाड्यानं घेणं म्हणजे पॅकेज नव्हे.

बँकेनं भाव लावला १०७ रुपये ४० पैसे. बाजारात पौंड १०६ च्या आसपास होता. ९९० पौंडांचे झाले १,०६,३२६. वर हजार रुपये शुल्क, त्याचा जीएसटी १८०, आणि चलन बदलण्याच्या व्यवहारावरचा वेगळा जीएसटी १८६. एकूण १,०७,६९२ रुपये. मी खिशातल्या वहीत लिहिलं आणि समाधानानं घरी आले, कारण कार्डानं भरले असते तर एक लाख नऊ हजारांच्या वर गेले असते.

त्या दिवशी इंग्लंडात बँकांना सुट्टी होती, मेचा शेवटचा सोमवार. पैसे पोचले बुधवारी. संध्याकाळी मालकीणबाईंचं ईमेल: ‘९७२ पौंड मिळाले.’

मी तीनदा वाचलं. फॉर्मची प्रत काढली. शुल्क कुणी सोसायचं या ओळीत तीन चौकटी असतात. एकात सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं, दुसऱ्यात दोघांत वाटून, तिसऱ्यात सगळं घेणाऱ्याचं. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी सवयीनं मधली चौकट भरली होती आणि मी सही केली होती. मधली चौकट म्हणजे आपल्या बँकेचं शुल्क आपण देतो, पण वाटेतली मधली बँक आणि समोरची बँक आपापलं शुल्क रकमेतूनच कापून घेतात. १८ पौंड, म्हणजे १,९०० रुपये. कार्डापेक्षा वाचवलेले दीड हजार तर गेलेच, वर तीनशे-चारशे गेले. अधिकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, सगळे असंच पाठवतात.’ पोरांच्या फीसुद्धा असंच पाठवतात का, आणि मग कॉलेज कमी आलेल्या पैशांसाठी पोरांना पत्रं लिहितं का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. समोरच्याला नेमकी रक्कम पोचायला हवी असेल, तर पहिली चौकट भरायची, ‘ओयूआर’ असं लिहिलेली, आणि जास्तीचं शुल्क इथंच देऊन मोकळं व्हायचं. सही करण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवून विचारा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर मी तेच केलं, आणि स्वतःच्या फॉर्मवर राहिलं.

मालकीणबाईंनी भाडं पूर्ण मिळालं असं धरलं आणि अनामत १५० ऐवजी १३२ पौंडांची केली. त्यांनी १८ पौंड रोख मागितले असते तरी चूक म्हणता आलं नसतं.

आणखी एक सांगते, जे आम्हाला उशिरा कळलं. ज्यांचं माणूस तिथं राहतं आणि त्याच्याकडं ब्रिटिश क्रेडिट कार्ड आहे, त्यांनी बुकिंग त्या माणसाच्याच नावानं करून त्याच्याच कार्डानं भरावं. तिथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५ वं कलम असं की, शंभर पौंडांच्या वरची आणि तीस हजारांपर्यंतची खरेदी क्रेडिट कार्डानं केली आणि विक्रेत्यानं करार मोडला, तर कार्ड देणारी बँकही तेवढीच जबाबदार धरली जाते. नाव आणि कार्ड एकाच माणसाचं हवं. आपल्या इथल्या कार्डाला हे कलम लागत नाही. आपल्याला फक्त बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे उलटे फिरवून, मागता येतो. आमच्या लेकीला मी हे करू दिलं नसतं, कारण तिच्या पैशानं सासर-माहेर फिरवायचं नाही हे मी ठरवूनच आले होते. पण तिला आधी देऊन टाकले असते, तर कायद्याचं कवचही मिळालं असतं.

आता घर.

न्यूकॅसलहून रेल्वेनं कार्लाइल, तिथून पेनरिथ, आणि पेनरिथहून एक्स ४ किंवा एक्स ५ नंबरची बस केझिकला. त्या वर्षी इंग्लंडात बसचं एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त दोन पौंड होतं, त्यामुळं गाडी न घेता आठवडा निभावला. शनिवारी बाजार असतो, मूट हॉल नावाच्या जुन्या इमारतीभोवती. तिथं बटाटे आणि कोबी घेऊनच घरात शिरलो.

काळ्या-करड्या पाटीच्या दगडाचं घर, भिंती हातभर जाड. दाराशेजारी आकड्यांची छोटी पेटी, त्यात किल्ली. आत टेबलावर दूध, ब्रेड, आणि एक चिठ्ठी: दूध गाईचं आहे, ब्रेडमध्ये अंडं नाही, मी तपासलं. ती चिठ्ठी मी आणली आहे.

स्वयंपाकघर लहान पण नेटकं. भांडी भरपूर, पण आपल्या कामाची नाहीत: कढई नाही, तवा म्हणजे उभ्या कडेचा फ्रायपॅन, लाटणं मनगटाएवढं जाड. म्हणून शेगडीचा प्रश्न आधी विचारावा. सिरॅमिकला सपाट बुडाचं भांडं लागतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. मी तीन लिटरचा स्टीलचा कुकर, पोळीचा सपाट तवा आणि लाटणं बॅगेत नेलं होतं. सिरॅमिक सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. पहिल्या दिवशीच्या पोळ्या कडक झाल्या, दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी आच आधीच कमी करून टाकायची युक्ती काढली आणि मऊसूत आल्या.

दुधाचे पदार्थ भारतातून तिकडं नेता येत नाहीत, त्यामुळं तूप घरीच ठेवून गेलो. सासूबाईंना पहिल्या रात्री वरणभात तुपाविना वाढला. त्या काही बोलल्या नाहीत, पण ताटात भात उरला. दुसऱ्या दिवशी लेक बिनमिठाच्या लोण्याच्या चार वड्या घेऊन आली. सासूबाईंनी खुर्ची शेगडीपाशी ओढली आणि त्यांनीच कढवलं. आधी पांढरा फेस, मग आवाज बारीक होत गेला, मग तळाशी बदामी बेरी. लोणी कढल्याचा वास जिन्यावरून वरच्या खोलीत गेला, तेव्हा लेक आंघोळ करून ओल्या केसांनीच खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. दोन वर्षांनी तिला तो वास आला होता. कुणी काही बोललं नाही. जॅमच्या रिकाम्या बाटलीत तूप भरलं, ते आठवडाभर पुरलं.

बुधवारी एकादशी. साबुदाणा लेकीनं न्यूकॅसलच्या वेस्ट रोडवरून आणला होता. खिडकीबाहेर पाऊस, समोरच्या चढावर दगड रचून केलेले बांध आणि त्यात हर्डविक जातीच्या करड्या मेंढ्या. त्यांची पिल्लं काळी जन्मतात आणि पुढं करडी होत जातात. सासूबाई खिचडीची ताटली मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या. म्हणाल्या, ‘आता माउली पंढरपुरात असतील. हा पाऊस तिकडं असता तर.’ तो सगळा भाग पावसाचाच. जवळच्याच बॉरोडेल दरीतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात ओलं वस्तीचं गाव म्हणून ओळखलं जातं. कपडे वाळत नाहीत हे धरूनच चालावं. घरात मशीन होतं, पण एका धुण्याला अडीच तासांच्या वर घेत असे आणि वाळवायला फक्त एक घडीचा स्टँड. मोठ्या कुटुंबाला तो कमी पडतो. हे जाहिरातीत लिहायला हवं होतं.

दुसरी उणीव गरम पाण्याची. टाकी लहान. तिसऱ्या माणसाची आंघोळ होईपर्यंत पाणी कोमट, आणि पुन्हा तापायला तास-दीड तास. सहा माणसांचं घर म्हणून पैसे घेता तर सहा जणांचं पाणी हवं, हे मी मालकीणबाईंना लिहिलं. त्यांनी मान्य केलं. आम्ही तिघं सकाळी, तिघं रात्री असं वाटून घेतलं. बाकी, बाथरूममध्ये पाणी घ्यायचा मग नसतो, आपला नेला होता म्हणून चाललं.

हळदीचा डाग मात्र माझ्या हातून पडला. पांढऱ्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या हाताला, रुपयाएवढा. आणि त्यांच्या तागाच्या नव्या पुसण्यावर त्याहून मोठा. साबण लावला तर लाल झाला. रात्रभर अनामतीचे १३२ पौंड डोळ्यांपुढं. सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. हळद उन्हात उडते हे आपल्याला माहीतच आहे. पुसणं धुऊन मागच्या दगडी बांधावर पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड. दुपारी बोटीतून डर्वेंटवॉटर तळ्याची फेरी करून आलो, तेव्हा त्यावर नुसती पिवळट सावली राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी तीही गेली. ओट्याला ऊन कसं लावणार? खाण्याच्या सोड्याचा लेप तासभर ठेवला, डाग फिका झाला, पण गेला नाही. मी त्याचा फोटो काढून स्वतःहून मालकीणबाईंना पाठवला. निघताना लपवून जाणं जमलं नसतं, आणि तसंही, आपल्यानंतर येणाऱ्या मराठी माणसाला त्यांनी कपाळावर आठी घालून घर द्यावं असं मला वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊला चादरी काढून जिन्याच्या पायथ्याशी ठेवल्या, कचरा त्यांच्या रंगांच्या डब्यांत लावला, फ्रीज पुसला आणि किल्ली पेटीत टाकली. अनामत भारतात मागवली असती तर पुन्हा मधल्या बँका कापत बसल्या असत्या, म्हणून लेकीचं खातं दिलं होतं. मंगळवारी तिचा फोन आला. १३२ पौंड पूर्ण आले होते, आणि संदर्भाच्या ओळीत मालकीणबाईंनी लिहिलं होतं: ‘डाग गेला, लिंबानं.’